राग, रंग आणि अक्षर

गाण्याच्या बैठकीला अलीकडे एक नवा साथीदार मिळाला आहे. तंबोरे, तबला आणि पेटी यांच्या पाठीमागे आता एक भव्य पडदा उभा असतो. गायकाने मल्हार आळवावयास घेतला की त्या पडद्यावर पाऊस कोसळू लागतो. वसंत सुरू झाला की पळस फुलतो. विरहाची ठुमरी असली तर खिडकीपाशी पाठमोरी बसलेली एखादी स्त्री दिसू लागते आणि मिलनाची बंदिश असली तर दोन हंस तळ्यात विहार करू लागतात. पूर्वी नाटकमंडळ्यांचा रंगविलेला पडदा जे काम करीत असे ते आता संगणक करतो. मागणीबरहुकूम पाहिजे तशी चित्रे क्षणार्धात काढून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. संयोजक या साऱ्यास 'प्रयोग' म्हणतात, निवेदक त्यास 'सूर आणि दृश्य यांचा संगम' म्हणतात आणि श्रोते सौजन्याने टाळ्या वाजवितात.

प्रयोगाला आमचा विरोध नाही. ज्या संगीतात रोज उठून तोच राग नव्याने मांडावा लागतो त्या संगीताच्या रसिकाने प्रयोगाला नाक मुरडणे शोभणारेही नाही. आमची तक्रार निराळी आहे. मल्हार ऐकताना पाऊस दाखविणे म्हणजे गायकाने स्वरांतून जे उभे केले तेच पुन्हा आणि अधिक ढोबळपणे सांगणे होय. गायक दोन निषादांमधून ढग आणतो. पडदा मात्र ते ढग आयतेच पुढे करून म्हणतो, हे घ्या. श्रोत्याच्या मनात जे उमटायचे ते उमटण्यापूर्वीच कोणी त्याच्या डोळ्यांत भरवून टाकले तर त्याच्या कानांनी करावयाचे काय? स्वर, चित्र आणि शब्द यांना एकत्र आणून प्रेमाविषयी काही सांगण्याचा खटाटोप या देशात काही शतकांपूर्वीच झालेला आहे. तो या पडद्यापेक्षा पुष्कळ धीट होता आणि पुष्कळ शहाणाही होता. त्याचे नाव रागमाला.

रागमाला म्हणजे रागांच्या चित्रांची माळ. सामान्यतः एका संचात छत्तीस चित्रे असत. सहा राग, आणि प्रत्येक रागाच्या पाच याप्रमाणे तीस रागिणी. हिमाचलाच्या पहाडी चित्रकारांनी क्षेमकर्णाच्या ग्रंथाचा आधार घेऊन रागांना आठ-आठ पुत्रही दिले आणि हा संसार चौऱ्यांऐशींवर नेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेतील एका जैन कल्पसूत्राच्या पोथीच्या समासांत रागरागिणींच्या आकृती दिसतात. पुढे 1591 मध्ये काशीजवळच्या चुनार येथे, 1605 मध्ये मेवाडातील चावंड येथे नसीरुद्दीन या चित्रकाराच्या हातून, 1628 मध्ये मेवाडच्याच साहिबदीनाच्या हातून असे संच तयार होत गेले. उत्तर दख्खनेतही सोळाव्या शतकाच्या अखेरीस अशी चित्रे निघाली आणि त्यांच्या माथ्यावर संस्कृत श्लोक लिहिलेले आहेत. राजस्थानी चित्रांत ही जागा बहुधा एका पिवळ्या पट्टीची असते आणि तीवर व्रजभाषेतील दोहा किंवा चौपाई असते.

या पट्टीकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. संग्रहालयात किंवा दिनदर्शिकेवर ही चित्रे पाहताना आपली दृष्टी नायिकेच्या घागऱ्यावर, केळीच्या पानांवर, महालाच्या छज्ज्यावर खिळते. वरच्या अक्षरांकडे सहसा कोणी पाहत नाही. छापणारे तर पुष्कळदा ती पट्टी कापूनच टाकतात. वस्तुतः तीच त्या पानाची किल्ली आहे. पानावर राग तर ऐकू येत नाही. त्याचे केवळ नाव आहे. ज्याने तो राग ऐकलेला आहे त्याच्या कानात त्या नावासरशी तो वाजू लागावा अशी अपेक्षा आहे. चित्र एक प्रसंग दाखविते, अक्षरे त्या प्रसंगामागचे मन सांगतात आणि राग वाचकाने स्वतःच्या स्मरणातून आणावयाचा असतो. तिघांपैकी एकही दुसऱ्याचे काम करीत नाही.

धनाश्रीचे चित्र घ्या. दूर्वांसारख्या सावळ्या कांतीची एक तरुणी बसली आहे. तिच्या हातात फलक आहे आणि त्यावर ती परगावी गेलेल्या प्रियकराचे चित्र काढीत आहे. जवळ सखी आहे. चित्रात चित्र काढणारी स्त्री! जो समोर नाही त्याला ती रेषेने समोर आणू पाहते. श्लोक म्हणतो की तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत आहेत. लघुचित्रातल्या त्या इवल्याशा चेहऱ्यावर अश्रू दाखविण्याचा अट्टहास चित्रकार करीत नाही. ते काम त्याने शब्दांवर सोपविले आहे. उलट, फलकावरचा तो अर्धवट मुखडा शब्दांत सांगण्याच्या भरीस कवी पडत नाही. आणि रागिणी? ती त्या दोघांमधल्या जागेत आहे, ऐकणाऱ्याची वाट पाहत. विरहाची याहून नेमकी मांडणी आम्हांस तरी ठाऊक नाही. कारण येथे कशाचा तरी अभाव केवळ विषयात नाही, तो मांडणीतच आहे. नायिकेपाशी प्रियकर नाही आणि पानापाशी सूर नाही.

विभासाची गंमत वेगळी. रात्र सरत आली आहे. शय्येवर किंवा महालाच्या दाराशी प्रेमिक युगुल आहे आणि नायक धनुष्य ताणून उभा आहे. कामदेवासारखा त्याचा आविर्भाव. पण बाण कोणाच्या हृदयावर रोखलेला नाही. तो छतावरच्या कोंबड्यावर रोखलेला आहे! कोंबडा आरवला की पहाट झाली आणि पहाट झाली की वियोग आला. तेव्हा पहाटेच्या दूतालाच मारावे म्हणजे रात्र लांबेल असा हा प्रेमिकाचा हट्ट आहे. विभास हा मात्र सकाळचा राग. म्हणजे ज्याच्या कानात विभास वाजतो आहे त्याला पक्के ठाऊक असते की बाण व्यर्थ जाणार, उजाडलेलेच आहे. चित्रातला नायक हे जाणत नाही. रागाचा समय जाणणारा रसिक जाणतो. हा विनोद केवळ चित्राने साधला नसता, केवळ गाण्यानेही साधला नसता. विभासामागे पडद्यावर सूर्योदय दाखविणाऱ्या आमच्या संयोजकांनी हे चित्र एकदा पाहावेच.

ललिताच्या चित्रात निजलेल्या नायिकेस सोडून नायक पहाटे निघाला आहे. तोडीच्या चित्रात वनात एकटी उभी असलेली तरुणी वीणा वाजवीत आहे आणि भोवती हरणे जमली आहेत. ज्याने ऐकावे तो तेथे नाही आणि हरणे मात्र ऐकत आहेत. आसावरी सापांना भुलविते, ककुभेच्या अवतीभवती मोर आहेत. रागमालेतील कितीतरी रागिणी अशा एकट्या आहेत. मिलनाचे प्रसंग नाहीत असे नव्हे, हिंदोलाचा झोका आहेच. परंतु या चित्रकारांचे मन विरहात अधिक रमले, यात शंका नाही.

आमच्या भूमीशी या कथेचा धागा समजतो त्याहून जवळचा आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा 1580 पासून 1627 पर्यंत गादीवर होता. गोवा बेट आणि त्याभोवतीचा मुलूख 1510 मध्येच पोर्तुगीजांकडे गेला होता. परंतु अंत्रुज त्या काळी विजापूरकरांच्या अमलाखाली होते आणि साष्टी-तिसवाडीतून हलविलेली आमची दैवते तेथेच आश्रयाला येऊन राहिली होती. हा सुलतान स्वतः गात असे, वाजवीत असे, चित्रे जाणत असे. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह रचला. त्यात गीते रागवार लावलेली आहेत, सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन आहे, सुफी संत गेसूदराज यांचे गुणगान आहे, सुलतानाच्या लाडक्या मोतीखान नावाच्या तंबुऱ्याचे आणि आतशखान नावाच्या हत्तीचे कौतुकही आहे. काही गीतांत तर रागच देह धारण करून उभे राहतात. ते वाचताना रागमालेचे चित्र डोळ्यांपुढे यावे. खलीलुल्ला नावाच्या सुलेखनकाराने या ग्रंथाची प्रत लिहून सादर केली तेव्हा सुलतानाने त्यास 'लेखणीचा बादशहा' हा किताब दिला. गाणाऱ्या राजाने अक्षर काढणाऱ्यास बादशहा म्हणावे, ही गोष्ट आजच्या संयोजकांनी मनन करण्यासारखी आहे. आज सुलेखनकाराचे काम निमंत्रणपत्रिकेपाशी संपते.

हा खटाटोप केवळ आमच्याच देशात झाला असे मात्र कोणी समजू नये. इ. स. 1400 च्या सुमारास बोद कोर्दिए नावाच्या फ्रेंच रचनाकाराने एक प्रेमगीत केले आणि त्याची स्वरलिपी सरळ ओळींत न लिहिता हृदयाच्या आकारात लिहिली. स्वरांच्या रेषा वळत वळत जाऊन हृदयाचे दोन उभार होतात आणि खाली टोक येते. काही स्वर काळ्या शाईत आहेत आणि काही लाल. हा लाल रंग शोभेसाठी नव्हे. त्या काळच्या रीतीप्रमाणे लाल स्वरांची लय बदलते, म्हणजे रंग हा गाणाऱ्यास दिलेला आदेश आहे. खुद्द रचनाकाराच्या आडनावाच्या प्रारंभी लॅटिन भाषेतील हृदयवाचक शब्दाचा ध्वनी दडलेला आहे, तेव्हा ही आकृती प्रेयसीला दिलेली भेट आणि कवीची स्वाक्षरी असे दोन्ही होऊन बसते. हे पान फ्रान्समधील शांतियी येथील संग्रहालयात आजही आहे.

येथे एखादा संस्कृतज्ञ वाचक म्हणेल की यात नवल ते काय? पद्मबंध, मुरजबंध, सर्वतोभद्र आमच्याकडे त्याच्याही शेकडो वर्षे आधी होऊन गेले. ते खरेच आहे. भारवीच्या किरातार्जुनीयातील पंधरावा सर्ग आणि माघाच्या शिशुपालवधातील एकोणिसावा सर्ग अशा अक्षरचमत्कृतींनी भरलेले आहेत. पण हे दोन्ही सर्ग युद्धाचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. सैन्याचे व्यूह आणि अक्षरांचे व्यूह यांची जोड त्या महाकवींना उचित वाटली. शृंगाराच्या सर्गात त्यांनी हा खेळ मांडला नाही. आनंदवर्धनाने तर अशा चित्रकाव्यास खरे काव्य मानण्याचेच नाकारले आणि ते काव्याचे अनुकरण होय असे म्हटले. आम्हांस आनंदवर्धनाचा हा निकाल जरा कठोर वाटतो, तरी त्यातला इशारा मोलाचा आहे. आकृती साधली म्हणून भाव साधला असे होत नाही. कोर्दिएच्या हृदयाचा आकार ओळखण्यास पाहणाऱ्यास क्षणच पुरतो, आणि मग मन गाण्याकडे वळले नाही तर सारे कौशल्य तेथेच संपते. धनाश्रीच्या चित्रापुढे मात्र कितीही वेळ उभे राहिले तरी ती प्रियकराचा चेहरा पुरा करीत नाही.

संगीतशास्त्रज्ञांचा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी राग-रागिणी-पुत्र ही व्यवस्था बाजूस सारून दहा थाटांची मांडणी केली. रागाला बायका आणि मुले कल्पून त्याच्या स्वरांविषयी काहीच कळत नाही, हे त्यांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या अचूक होते. रागांची नावे तीच राहिली आणि स्वर बदलत गेले, हेही खरे. चित्रातील तोडी म्हणजे आजची तोडी असे कोणी धरून चालू नये. पण ध्यानश्लोक आणि चित्र ही काही स्वरांची मोजदाद नव्हे. वनात वीणा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र पाहून कोणी तोडीचा कोमल गांधार शिकणार नाही. मात्र तो गांधार कशासाठी लावावयाचा, हे कदाचित त्याच्या ध्यानी येईल. भातखंडे यांचे उपकार तर आम्ही वेगळ्याच कारणासाठी स्मरतो. त्यांनी घराण्याघराण्यांच्या कोठारांत कुलपाखाली पडलेल्या बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीसह छापल्या. वर स्वर आणि खाली अक्षरे. त्या अक्षरांचा अर्थ सांगण्याची सोय त्या पुस्तकांत नव्हती आणि विद्यार्थ्यांनीही तो विचारला नाही.

आणि येथेच आमच्या मूळ तक्रारीचे मर्म आहे. गेल्या शतकात आम्ही संगीताला प्रतिष्ठा मिळवून दिली, असे अभिमानाने सांगतो. ही प्रतिष्ठा देताना आम्ही स्वर उचलून माथ्यावर घेतला आणि शब्द हळूच खाली ठेवला. ख्यालाची बंदिश काय म्हणते? रात्रभर कोठे होतास ते सांग. सासू-नणंद जाग्या आहेत, पैंजण कसे वाजू देऊ. निरोप धाडला, उत्तर आले नाही. हे प्रेमाचे, मत्सराचे, चोरट्या भेटींचे शब्द. ते ज्यांनी पिढ्यानपिढ्या कंठात वागविले, त्या गोमंतकातील देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंतिणी. समाजाने त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना पंगतीपासून दूर बसविले. पुढे त्याच घरांतील मुली मुंबईस जाऊन उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गुरूंपाशी तपश्चर्या करून उभ्या हिंदुस्थानाच्या मानकरी झाल्या. त्यांच्या यशाच्या प्रकाशात आम्ही आमचा संकोच झाकून घेतला आणि सोयीस्करपणे म्हणू लागलो की ख्यालात शब्दांना तसे महत्त्व नसतेच, ते स्वरांना टेकण्यापुरते असतात. असे म्हटले की कोणी काय गायिले आणि कोणी कोणाला उद्देशून गायिले, हा प्रश्नच उरत नाही.

केसरबाई केरकर यांच्या आवाजातील भैरवीची एक रचना 1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णमुद्रिकेत अंतराळात धाडण्यात आली, हे आमच्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्याच मुद्रिकेत पृथ्वीवरील शंभरावर चित्रेही ध्वनीत रूपांतरित करून कोरलेली आहेत आणि पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे. सूर आहे, चित्र आहे, शब्दही आहेत. परंतु केरीच्या या कन्येचे ते गीत काय म्हणते, हे सांगू शकणारे गोमंतकीय किती निघतील? परग्रहावरील प्राण्यांना अर्थ कळला नाही तर त्यांना क्षमा आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीत निदान नाटकाच्या तिकिटाबरोबर पदांची छापील पुस्तिका मिळत असे. 'सौभद्र' असो की 'स्वयंवर', प्रेक्षक ती पुस्तिका मांडीवर उघडून बसे. सुभद्रा किंवा रुक्मिणी काय म्हणते आहे ते डोळ्यांनी वाची आणि गाणारा ते कसे म्हणतो ते कानांनी टिपी. मळलेल्या कागदावरची ती बारीक अक्षरे म्हणजे रागमालेच्या पिवळ्या पट्टीचीच गरीब वारस होती. जत्रेतल्या नाटकाच्या प्रेक्षकाला नाट्यपद शब्दांसकट पाठ असे, आणि त्याच प्रेक्षकाचा नातू आज ख्यालाच्या बैठकीत शब्दांविना बसतो व पडद्यावरचे हंस पाहतो.

तेव्हा पडदा काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. पडदा राहू द्या. मात्र त्यावर पावसाऐवजी अक्षरे येऊ द्यात. बंदिशीचे दोन चरण, सुलेखनकाराने मन लावून काढलेले, देवनागरीत, आणि त्यांखाली सुबोध मराठीत अर्थ. अंतऱ्याच्या वेळी अंतरा यावा. गायक एकच शब्द निरनिराळ्या प्रकारे आळवू लागला की तो शब्द तेवढा राहावा आणि बाकीचे मावळावेत. मग पाहा, 'पिया' हा शब्द दहाव्यांदा येताना पहिल्या वेळेसारखा ऐकू येतो का ते. चित्रकारास काम द्यावयाचे असेल तर त्याला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बोलावू नये. त्याने गायकासमवेत ती चीज महिनाभर ऐकावी आणि मग गाण्यात जे नाही ते काढावे. तो सहावी बंदिश ऐकून रिकामा कागद पुढे करील तर त्याचेही स्वागत करावे.

यासाठी फार मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पणजीत 1970 मध्ये स्थापन झालेली कला अकादमी आहे आणि तेथे संगीत शिकविले जाते. त्याच शहरात आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे आणि तेथे चित्रकला शिकविली जाते. या दोन वास्तूंमधले अंतर पायी चालत जाण्याजोगे आहे. एका ठिकाणच्या विद्यार्थ्यास ललिताचे दोन मध्यम ठाऊक आहेत, दुसऱ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यास पहाटेच्या प्रकाशात निळा कसा फिकटत जातो ते ठाऊक आहे. ललिताच्या चित्रात झोपलेली ती नायिका मात्र दोघांच्याही ओळखीची नाही. प्रत्येक वर्षी दोन्हीकडचे सहा-सहा विद्यार्थी निवडून, त्यांच्या जोडीला व्रजभाषा जाणणारा एखादा अध्यापक देऊन सहा राग त्यांच्या हवाली करावेत आणि वर्षअखेर त्यांच्याकडून सहा पाने व सहा बंदिशी घ्याव्यात. अधिकाऱ्यांनी मनात आणले तर येत्या शैक्षणिक वर्षापासूनही हे सुरू होऊ शकेल. पहिल्या वर्षी विभास अवश्य द्यावा. कोंबडा कोठे बसवावयाचा यावरून त्या मुलांत जो वाद होईल तो ऐकण्यास आम्ही आनंदाने हजर राहू.